मोझेस ट्रिपची किंमत

मंगळवारी सकाळी सव्वानऊला डेनी टार्क्विनिओचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिलंच वाक्य, "रोझॅन, आधी नीट ऐकून घे. मी काहीही केलेलं नाही."

डेनीचं गिअरबॉक्स दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या तोंडून असं काही ऐकलं की गिऱ्हाईक आधी पाकीट चाचपतं. माझी गाडी त्याच्याकडे नव्हती, तरी मीही चाचपलं.

"काय झालं?"

"सौदा तुझ्या वडिलांनीच पाठवला. मी मागितला नव्हता, देवाशपथ. समोर आला, मी 'मंजूर' दाबलं. दाबल्यावर दहा मिनिटांनी माझी मलाच लाज वाटायला लागली. तू बघ एकदा. अध्यक्ष आहेस."

मी शाळेच्या बसडेपोत काम करते. ऑगस्टचा दुसरा आठवडा, म्हणजे कुठली बस कुठल्या गल्लीतून न्यायची याचे नकाशे डोक्यावर बसलेले. ते सगळं बाजूला सारून मी लीगचं पान उघडलं. त्यावर दोनच ओळी होत्या. एमिल पाव्लिक देणार: केंडल रॉश. डेनी टार्क्विनिओ देणार: मोझेस ट्रिप.

तिसरी ओळ असेल म्हणून मी पान खाली सरकवून पाहिलं. नव्हती.

आमची लीग बारा जणांची आणि सव्वीस वर्षं चालत आलेली आहे. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. खेळाडू खरे, सामने खरे, टीम मात्र आम्ही आपापल्या जुळवलेल्या. रविवारी मैदानावर तुमचा माणूस जे करील त्याचे गुण तुम्हाला. बाकीच्या लीगमध्ये दर वर्षी पाटी पुसून नव्यानं सुरुवात करतात. आमच्याकडे एकदा घेतलेला खेळाडू तुमचाच, तुम्ही विकेपर्यंत नाहीतर तो निवृत्त होईपर्यंत. त्यामुळे इथं मोठमोठी माणसं बावीस वर्षांच्या पोरांकडे मुलीला स्थळ बघावं तशी बघत असतात.

आणखी एक आमचंच खूळ आहे. लीग काढली ती पोलाद कारखान्यातल्या लोकांनी. त्यांचं ठाम मत होतं की या खेळात खरं काम मधोमध एकमेकांना ढकलणारी जाडजूड माणसं करतात आणि फोटो मात्र पळणाऱ्यांचे छापून येतात. म्हणून आमच्या नियमात बचावफळीच्या आतल्या लाइनमनला दुप्पट गुण आहेत आणि प्रत्येक टीमला असे दोघे उतरवावेच लागतात. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात. हसू देत.

पण दुप्पट झाले तरी किती होणार? केंडल रॉश हा चेंडू झेलणारा, तीस वर्षांचा, गेल्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त गुण मिळवलेला. आणि मोझेस ट्रिप तेवीस वर्षांचा, तीनशे बारा पौंडांचा, लुइझियानातल्या कुठल्याशा छोट्या कॉलेजातून आलेला बदली माणूस. मुख्य खेळाडूला धाप लागली की हा आत, त्याची धाप उतरली की हा बाहेर. चेंडू घेऊन निघालेल्याला धरून खाली पाडणं, म्हणजे टॅकल, हे त्यानं अख्ख्या हंगामात अकरा वेळा केलं होतं. इतर लोक अकरा टॅकल एका दुपारी करतात.

मी फोन उचलून डेनीला म्हणाले, "दोन दिवस कुणाला बोलू नकोस."

"अगं, पान सगळ्यांना दिसतं," तो म्हणाला. "व्हर्जिलचा फोन येऊन गेला मला."

इथं पप्पांबद्दल सांगायला हवं. एमिल पाव्लिक, वय ब्याऐंशी. चौतीस वर्षं कारखान्यात क्रेन चालवली, त्यातली पहिली सहा बदली म्हणून. लीगच्या संस्थापकांतले आता ते एकटेच उरलेत. सव्वीस वर्षांत एकदाही जिंकलेले नाहीत. जिंकणाऱ्याला आम्ही सोनेरी रंग दिलेलं जुनं हेल्मेट देतो; ते बब नावाच्या आमच्या एका महाभागाच्या घरीसुद्धा दोन वर्षं राहून आलं, पण पप्पांच्या घरी कधी गेलं नाही. यंदा मात्र त्यांची टीम जोरात होती. 'हे वर्ष एमिलचं' असं जो तो म्हणत होता. मीही म्हणत होते. यंदाच का, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आणि त्यात तो नियम. हा बबच एके काळी चार बिअर पोटात गेल्या की सगळी टीम वाटून टाकायचा. त्याला आवरायला आम्ही ठरवलं होतं: तिघांनी हरकत घेतली की सौदा मताला टाकायचा, आणि एका वर्षात एखाद्याचे दोन सौदे फेटाळले गेले तर त्याच्यावर पालक नेमायचा. पालकाच्या सहीशिवाय त्यानं काही करायचं नाही. बबनं पिणं सोडलं, नियम राहिला.

पप्पांचा एक सौदा वसंतात फेटाळला गेला होता. न्हाव्याकडे नंबर लावून बसलेले असताना त्यांनी एक मासिक चाळलं आणि एका धावपटूसाठी दुसऱ्या फेरीची निवड देऊ केली. निवड म्हणजे दर उन्हाळ्यात नव्या पोरांतून माणूस उचलायची आपली पाळी. मासिक आदल्या वर्षीचं होतं. धावपटू फेब्रुवारीतच निवृत्त होऊन मासे पकडायला गेला होता. तेव्हा सगळे हसले, पप्पाही हसले. पण एक झाला तो झालाच.

दुपारी व्हर्जिल मॅटेसिकचा फोन आला. आमच्या गावात माणूस गेला की पुढचं सगळं व्हर्जिल बघतो. त्याचं अंत्यविधीचं दुकान वडिलांपासूनचं आहे. आवाज इतका मऊ की गॅस संपला हे सांगितलं तरी सांत्वन केल्यासारखं वाटतं.

"रोझॅन, आम्ही तिघांनी हरकत घेतलीय. मनापासून वाईट वाटतंय."

"मग घेऊ नका."

"अगं, रॉश देऊन ट्रिप? एमिलभाऊ शुद्धीवर असते तर केलं असतं का? वसंतात ते मासिकाचं झालं, आता हे. यंदा ते जिंकायला हवेत गं. आम्हा सगळ्यांना तसं वाटतं." थोडा थांबून म्हणाला, "पालक व्हायची वेळ आली तर मी होईन. त्यांना जाणवूही देणार नाही."

एवढ्या प्रेमानं कुणी बोललं की भांडताही येत नाही. मी फोन ठेवला आणि समोरच्या नकाशावर एक बस नदीत घातली.

गुरुवारी संध्याकाळी मी पप्पांकडे गेले. ते स्वयंपाकघरात बंडी घालून उभे, परसातला टोमॅटो चिरून त्यावर मीठ टाकत होते.

"ये रोझे. खा. मोठ्या वेलीचा आहे."

"पप्पा, रॉश का दिलात?"

"डेनीला हवा होता."

"तो म्हणतो, त्यानं मागितला नव्हता."

"मनातून हवा होता." त्यांनी माझ्यापुढं एक फोड ठेवली. "मला मोझेस हवा होता. झालं."

"झालं काय? रविवारी मत आहे. हा फेटाळला गेला तर तुमच्यावर पालक बसतो. व्हर्जिल तयारच आहे."

इथं त्यांचा हात थांबला. सुरी खाली ठेवून त्यांनी हात पुसले. "पालक बसला तर मी उठलो. लिहून घे. सव्वीस वर्षं माझी टीम मी चालवली. चांगली नाही चालवली, पण मी चालवली. आता व्हर्जिलची परवानगी मागत बसू? आजारी माणसाला भात भरवतात तसं?"

"मग कारण सांगा ना! मी त्यांना पटवते."

"मी नाही सांगणार."

"का?"

"डेनी रॉश का घेतोय, हे विचारलं कुणी त्याला? बबला विचारता? मला एकट्यालाच का उत्तरं द्यायची?" मग जरा नरमाईनं, "तू अध्यक्ष आहेस ना? किंमत काढणं तुझं काम. तू काढ. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, मोझेसकडे बघ."

"काय बघू? अकरा टॅकल?"

"पाय बघ," ते म्हणाले आणि दुसरा टोमॅटो चिरायला घेतला.

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. पप्पा हट्टी आहेत हे मला चोपन्न वर्षं माहीत आहे. पण हट्ट आणि विसर बाहेरून सारखेच दिसतात. गाडीत बसल्यावर मी खरंच विचार केला, की त्यांच्या डोक्यात मोझेस ट्रिप म्हणजे दुसराच कुणी असेल तर?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी बघायला लागले. गेल्या हंगामात मोझेस ट्रिप मैदानावर दोनशे चौदा डाव होता; डाव म्हणजे चेंडू हलल्यापासून शिट्टी वाजेपर्यंतची एकेक झटापट. सगळं चित्रण मिळतं, कुणी बघत नाही एवढंच. माझ्याकडे बसमध्ये चढणारी मुलं मोजायचं छोटं यंत्र असतं, अंगठ्यानं टिक केलं की आकडा वाढतो. ते हातात धरून बसले.

पहिले तीसेक डाव मी सवयीनं चेंडूकडेच बघत होते, आणि मोझेस म्हणजे ढिगातला एक पाठमोरा ढीग. मग पप्पांचं ऐकलं आणि पायांकडे बघायला लागले. एवढ्या वजनाची दोन माणसं एकमेकांना भिडली की पाय थांबतात. नंतर सगळं हातांनी आणि कुथत. याचे पाय थांबत नव्हते. बारीक बारीक पावलं, एखादी बाई गर्दीत भांडं सांभाळत वाट काढते तशी. समोरचा माणूस एक फूट मागं, दीड फूट मागं, शिट्टी वाजेपर्यंत. टॅकल त्याच्या नावावर लागत नव्हता, कारण चेंडूवाला ती भिंत सरकताना बघून दुसरीकडे वळायचा आणि तिथं दुसराच कुणी त्याला पाडून फोटो काढून घ्यायचा.

मग मी दुसरंच मोजायला घेतलं. समोरच्या टीमनं त्याच्यावर एका वेळी दोन माणसं किती वेळा घातली? टिक, टिक, टिक. दोनशे चौदापैकी सत्त्याण्णव वेळा. बदली माणसावर कुणी उगाच दोन माणसं खर्च करत नाही. समोरच्या टीमच्या मास्तरांना तो दिसत होता, आम्हालाच दिसत नव्हता.

अकरातले सात टॅकल शेवटच्या चार सामन्यांतले निघाले. म्हणजे पोरगा शिकत होता.

शनिवारी दुपारी मी खुर्चीत मागं रेलले आणि एकटीच मोठ्यानं हसले. डेपोतली मांजर दचकून उठली. पप्पांचं डोकं ठिकाणावर होतं. माझं नव्हतं, व्हर्जिलचं नव्हतं, पण त्यांचं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना फोन लावला आणि उचलल्यावर काय बोलावं कळेना म्हणून टोमॅटो छान होता असं सांगितलं.

"आज शनिवार आहे," पप्पा म्हणाले. "टोमॅटो गुरुवारी खाल्लास."

तरी एक अडचण उरली होती. मोझेसच्या पुढं जो मुख्य खेळाडू होता तो एकतीसचा, आणि त्याचा करार अजून दोन वर्षांचा. दोन वर्षं मोझेस बाकावरच. तिसऱ्या वर्षी जागा मोकळी झाली की आमच्या दुप्पट गुणांनी तो आतल्या लाइनमनांत पहिल्या पाचात येईल, हे मी पैजेवर सांगायला तयार होते. पण यंदा त्याचे गुण जवळजवळ शून्य. मी तक्ता केला. आमच्यासारख्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला दोन किमती असतात: एक यंदा जिंकू बघणाऱ्यासाठी, एक पुढची टीम बांधणाऱ्यासाठी. पहिल्या रकान्यात मोझेसपुढं शून्य. दुसऱ्यात मी जो आकडा घातला, तो रॉशच्या आकड्याला खेटून होता. मग खाली बाराही मालकांची नावं त्या दोन रकान्यांत वाटून टाकली. हे मी दर वर्षी करते, अगदी सहज, भाजी निवडावी तसं.

रविवारी प्रार्थना उरकून दुपारी सगळे अग्निशमन दलाच्या हॉलमागच्या खोलीत जमले. आमची ऑगस्टची बैठक तिथंच होते. लोण्यात परतलेल्या कोबी-नूडल्सची, म्हणजे हळुश्कीची, दोन मोठी भांडी, हॅमची सँडविचं, आणि कुणाच्या तरी बायकोनं पाठवलेली जर्दाळूची बिस्किटं. बब मुलीकडे ओहायोला गेला होता. आमच्याकडे हॉलमध्ये हजर असेल त्याचंच मत. सौद्यातले दोघं, पप्पा आणि डेनी, मत देऊ शकत नव्हते. अध्यक्षाचं मत फक्त बरोबरी झाली तरच. राहिले आठ.

पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. डेनीला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी सुरुवात करायच्या आतच तो उठला.

"काका, मी सौदा मागं घेतो. कशाला उगाच हा सगळा—"

"डेनी, बस खाली," पप्पा म्हणाले. "हळुश्की खा. सौदा झालाय. तू मागं घेतलास तर तुझ्याकडे गाडी टाकणं बंद."

"तुमची गाडी तुम्ही माझ्याकडे कधी टाकलीय?"

"टाकणार होतो."

लोक हसले, मलाही बरं वाटलं. मी उभी राहून वाचायला लागले. दोनशे चौदा डाव, सत्त्याण्णव वेळा दोन माणसं, शेवटचे सात टॅकल. पायांचं सांगितलं. बसल्या बसल्या दोघातिघांनी फोनवर त्याचा एखादा डाव लावून बघितला आणि "आयला!" असा आवाज आला. मी अगदी रंगात येऊन म्हणाले, "आपल्या गुणांनी हा पोरगा तीन वर्षांनी पहिल्या पाचात असेल. सौदा वेडेपणाचा नाही. माझ्या मते जवळजवळ बरोबरीचा आहे."

व्हर्जिलनं हात वर केला. "तीन वर्षांनी."

"हो."

"छान काम केलंस रोझॅन, खरंच. पण तक्त्यात दोन किमती आहेत ना? मग एमिलभाऊंसाठी त्याची किंमत किती?"

मी कागदाकडे पाहिलं. पप्पांचं नाव पहिल्या रकान्यात होतं. माझ्याच अक्षरात.

"शून्य," मी म्हणाले.

"मला त्या रकान्यात कुणी घातलं?" भिंतीकडून आवाज आला.

"मी घातलं, पप्पा."

"मला विचारलंस?"

"नाही."

"डेनीला विचारलंस?"

"डेनीला विचारलं, काल फोनवर." आणि मग, का कोण जाणे, मला वाटलं की मी त्यांची बाजूच घेतेय, आणि मी ते बोलून गेले. "पप्पा, तुम्ही ब्याऐंशी वर्षांचे आहात."

खोलीत कुणी खाईना. मला तोंडावर हात ठेवावासा वाटला, पण शब्द गेले होते. मंगळवारपासून सगळ्यांच्या पोटात होतं ते त्यांच्या स्वतःच्या मुलीनं भर बैठकीत काढून टेबलावर ठेवलं होतं.

पप्पा उठले. सावकाश उठले, गुडघे दुखतात त्यांचे.

"आहे ब्याऐंशीचा," ते म्हणाले. "आणि व्हर्जिल तिथं बसून मघापासून माझं माप घेतोय. सहा फूट एक, व्हर्जिल. पूर्वी दोन होतो. लिहून ठेव, नंतर धावपळ नको."

हशा फुटला. व्हर्जिल कानापर्यंत लाल झाला. "एमिलभाऊ, अहो, मी असं कधी—"

"गंमत केली रे. बस." त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला. "सव्वीस वर्षं मी 'यंदाच जिंकायचं' म्हणून खेळलो. दर वर्षी चांगली चांगली पोरं विकली आणि पिकलेले घोडे घेतले, म्हटलं यंदा येणारच. नाही आलं. एकदाही मी टीम बांधली नाही. बांधायला बसलं की कसं वाटतं, ते मला माहीतच नाही. आता मला ते करून बघायचंय. सावकाश. हे पोरगं मला आवडलंय. दोन वर्षं ते बाकावर बसेल, चालेल मला, मी बसलोय सहा वर्षं. दर रविवारी मी त्याचे दहा-वीस डाव बघीन. मग एक दिवस त्याला जागा मिळेल, आणि मला ते बघायचंय."

ते थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, रागानं नाही, "तुम्ही सगळे चांगली माणसं आहात. पण तुम्हाला मला यंदा जिंकवून मोकळं व्हायचंय. मला मोकळं व्हायचं नाहीये."

आणि बसले.

मला रडू आलं असतं, पण अध्यक्षानं रडू नये म्हणून मी मत पुकारलं. सौद्याच्या बाजूनं हात वर झाले: चार. विरुद्ध: चार. विरुद्धच्या चौघांत व्हर्जिल होता. त्याचा हात अर्धा वर, अर्धा खाली. "मला समजतंय एमिलभाऊ," तो म्हणाला, "पण रॉश म्हणजे रॉश हो."

बरोबरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पा सोडून, ते नूडल्स वाढून घेत होते.

खरं सांगते, मोझेस ट्रिपबद्दल मला शनिवारीच खात्री पटली होती. माझा गोंधळ तिथं नव्हता. मी तीन वर्षांपुढचे बसमार्ग आखते, घराचा नळ पुढच्या वर्षी बदलायचा म्हणते, आणि वडिलांचं नाव मी न विचारता यंदाच्या रकान्यात टाकून दिलं होतं. मला त्याची लाज वाटली. मी पेन घेतलं, त्यांचं नाव तिथून खोडलं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं, सगळ्यांसमोर, मोठ्या अक्षरात.

"अध्यक्षाचं मत सौद्याच्या बाजूनं," मी म्हणाले. "सौदा मंजूर. पालक-बिलक काही नाही."

डेनीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्याच क्षणी आपल्याला केंडल रॉश मिळाला हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की बिस्किटं उडाली.

"आणखी काही विषय?" मी विचारलं.

"आहे," पप्पा म्हणाले. तोंडातला घास त्यांनी शांतपणे संपवला. "सध्याच्या नियमानं पुढच्या तीनच वर्षांच्या निवडींचा सौदा करता येतो. मला ते कमी पडतंय. पाच वर्षांपर्यंत करता यावा, असा माझा ठराव."

कुणी हसलं नाही. सगळे मनात बेरीज करत होते, आणि प्रत्येकाला तोच आकडा येत होता. सत्त्याऐंशी.

"अनुमोदक?" मी कशीबशी म्हणाले.

व्हर्जिल मॅटेसिक उभा राहिला. कोटाचं बटण लावलं, आणि आयुष्यभर हळू बोललेला तो माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "अनुमोदन."

सगळे हात वर गेले, दोन्ही भांड्यांच्या मागं उभ्या असलेल्यांचेही. मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. एकमत लिहिलं आणि सही केली.

पप्पांनी तोवर खुर्ची व्हर्जिलच्या टेबलाला लावली होती.

"बोल व्हर्जिल. पाच वर्षांनंतरची तुझी पहिली निवड मला हवी आहे. काय घेशील?"

"एमिलभाऊ, ती मी अशीतशी सोडणार नाही."

"सोडू नकोसच. घासाघीस कर," पप्पा म्हणाले आणि बिस्किटांची थाळी त्याच्याकडे सरकवली.